लख्खमामाचा जबाब

"एवढंच सांगायचंय," ट्रेनरसाहेब म्हणाले, "की तू काजळीच्या ठाणात लघवी करायचास."

लख्खमामाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. तो खोगिराला तेल चोळत बसला होता. हातातला फडका तसाच धरून त्यानं वर पाहिलं. खोगिरांच्या खोलीत तिघंच होते. तो, साहेब आणि साहेबांनी शहरातून बोलावलेला वकील. वकिलानं नाकाला रुमाल लावला होता. चामड्याचा आणि घामाचा वास त्याला सोसत नसावा.

"कोण? मी?"

"रोज नाही रे. कधीमधी. घाईत असलास की."

"साहेब, तिथं घोडी झोपते."

वकील रुमालाआडून हसला. "मामा, करायचात असं आम्ही म्हणत नाही. तुम्ही म्हणायचंय फक्त."

प्रकरण असं होतं. महिन्याभरापूर्वी उड्यांच्या मोठ्या स्पर्धेत काजळी पहिली आली होती. जिंकलेल्या घोड्याची तपासणी होते, तशी तिचीही झाली. तपासणीवाला काठीला बांधलेलं भांडं घेऊन तिच्या मागे उभा राहिला आणि शीळ घालत राहिला. शीळ ऐकली की घोडी मोकळी होते. ते भांडं सीलबंद होऊन प्रयोगशाळेत गेलं आणि तिथून उत्तर आलं की घोडीच्या लघवीत दुखण्यावरच्या औषधाचा अंश आहे. माणसं कंबर धरली की घेतात त्या गोळीचा.

नियम कडक होता. स्पर्धेतल्या घोड्याच्या अंगात मनाई असलेल्या औषधाचा कणही सापडता कामा नये. चंदीच्या दाण्यातून गेलं, पाण्यातून गेलं, कुणी मुद्दाम दिलं की चुकून पडलं, कुणी पाहिलं नाही तरी जबाबदार ट्रेनरच. शिक्षा म्हणजे काही वर्षांची बंदी. सुटकेची एकच फट होती. औषध नकळत, कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे पोटात गेलं असं चौकशी समितीला पटलं, तर शिक्षा महिन्यांवर यायची.

"आणि अशी प्रकरणं झालेली आहेत," वकील समजावून सांगू लागला. "तुमच्यासारखा मोतद्दार गोळी घेतो. ठाणाच्या कोपऱ्यात उभा राहतो. घोडा तो पेंढा खातो. गोळी घोड्याच्या पोटात. समितीला हे ऐकून नवल वाटणार नाही. तुम्ही कंबरेसाठी तीच गोळी घेता, हो ना?"

"घेतो. दवाखान्यातून देतात."

"मग झालं तर!" वकील म्हणाला. जणू एखादं कोडं सुटलं होतं.

लख्खमामानं हातातला फडका घडी करून बाजूला ठेवला. 

त्याचं हे नाव तबेल्यातल्यांनीच पाडलं होतं. "लख्ख पाहिजे," हा त्याच्या तोंडचा शब्द. चंदीची बादली लख्ख, पाण्याचं टाकं लख्ख, खुरांच्या खाचा लख्ख. सकाळी ठाणात शिरला की तो फावड्याला हात लावायच्या आधी ओणवा होऊन वास घ्यायचा आणि कुठं ओल आहे ते हातानं चाचपून तेवढा पेंढा उचलायचा. इतर तबेल्यांत शिरलं की डोळे चुरचुरतात, इथं तसं व्हायचं नाही. पाहुणे आले की साहेब काजळीचं ठाण कौतुकानं दाखवायचे आणि म्हणायचे, "इथं जेवायला बसा हवं तर." स्वतः लख्खमामा मात्र पार कुंपणापलीकडच्या संडासात जायचा. भर पावसात, डोक्यावर पोतं घेऊन.

"मला नाही जमायचं, साहेब," तो म्हणाला.

साहेब रागावले नाहीत. स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. "हे बघ. मला बंदी आली तर तबेला बंद. मालकीणबाई घोडे काढून नेतील. एवढी माणसं कुठं जातील? तुझा मेहुणा घोड्यांच्या गाडीवर आहे. त्याची जुळी पोरं अजून रांगतायत. एका वाक्यानं सगळे तरतायत. आणि तुला कोण काय म्हणणार आहे? म्हातारा माणूस आहेस. होतं असं म्हाताऱ्या माणसाचं."

त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, आणि थोपटलेला हात उठताना नकळत पँटला पुसला. वकिलानं ते पाहिलं नाही. लख्खमामानं पाहिलं.

---

बायकोला सांगायला त्याला संध्याकाळ लागली. ती इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. दिवसभर रोग्यांच्या चादरी उकळायच्या. घाणीचं तिला काही वाटत नसे. पण त्यानं अडखळत, शब्द चोरत सगळं सांगितलं तेव्हा तिचा घास हातातच राहिला.

"म्हणजे माणसानं कुठं मुतावं हेही आता तेच ठरवणार?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? साऱ्या जगाची घाण धुते मी. पण ज्याची घाण त्याच्या नावाची चिठ्ठी असते चादरीवर. दुसऱ्याची घाण आपल्या नावावर चढवून घ्यायची, हे मी आजच ऐकते."

त्याला बरं वाटलं. उद्या जाऊन साफ नाही म्हणायचं, असं त्यानं मनाशी धरलंही. पण भांडी आवरायच्या आत मेहुणा दारात उभा. साहेबांनी त्याला आधीच गाठलं होतं. तो आत आला, उंबऱ्याजवळच बसला आणि बहिणीकडे न बघता बोलू लागला.

"ताई, एक वाक्य तर आहे. भावजींना कुणी तुरुंगात घालणार नाही. दंड नाही. नोकरी तशीच राहणार. आणि मी... मला दुसरी गाडी कोण देणार गं? डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या ड्रायव्हरला?"

भावाच्या पुढ्यात तिनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. लख्खमामा समजला. तिच्या तोंडून आता 'नाही' निघणार नव्हतं, आणि 'हो' म्हणायचीही तिला चोरी होती. ते त्यालाच म्हणावं लागणार होतं.

---

चौकशीला समितीचे दोघं आले. एक पिकल्या केसांचा आणि एक नुकताच नोकरीला लागलेला, हातात रबरी मोजे चढवलेला. साहेब आदबीनं बाजूला उभे राहिले. काजळी ठाणाच्या दारातून मान बाहेर काढून सगळ्यांकडे टुकूटुकू बघत होती.

"तुम्हीच का ते?" पिकल्या केसांच्यानं विचारलं.

'ते' म्हणजे काय, हे विचारायची गरज नव्हती. लख्खमामानं मान हलवली.

"कुठल्या कोपऱ्यात?"

त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं. सकाळीच त्यानं तिथं नवा पेंढा अंथरला होता, पिवळाधमक. हात उचलला जाईना. साहेब खाकरले. मग त्यानं बोट केलं.

"दिवसातून किती वेळा व्हायचं?"

"कधीमधी."

"म्हणजे दोनदा? तीनदा?"

"कधीमधी, साहेब."

धाकट्यानं त्या कोपऱ्यातला पेंढा चिमटीनं उचलून पिशवीत घातला. पिशवी अंगापासून दूर, हात लांब करून धरली. त्याच्या नाकावरची ती आठी लख्खमामाला दिसली. स्वतःही तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या तबेल्यांकडे बघून अगदी तश्शीच आठी घालत आला होता. दोघं बाहेर पडताच तो टाक्यामागे गेला आणि भडाभडा ओकला.

दुसऱ्या दिवसापासून शीळ सुरू झाली. आधी कुणी घातली कळलं नाही. तो बादली घेऊन संडासाच्या बाजूनं निघाला की चंदीच्या खोलीतून बारीक, लांबवलेली शीळ यायची. तीच, घोड्याला मोकळं करायला घालतात ती. मागून खसखस. कुणी म्हणायचं, "मामा, लांब कशाला जाताय? इथं कोपरा आहे की!" हसणाऱ्यांना माहीत होतं की हे खोटं आहे. पण खोटं आहे हे माहीत असूनही हसता येतं, हे त्याला नव्यानं कळलं.

त्यानं पाणी पिणंच कमी केलं. सकाळी घरीच उरकून आला की दिवसभर कळ सोसायची. ओटीपोट दगडासारखं व्हायचं. कंबर आणखी धरली.

असंच एकदा दुपारी त्यानं गोळी तोंडात टाकली आणि पाणी नको म्हणून तशीच गिळायला गेला. गोळी जिभेवर फुटली. असं कडूजहर की डोळ्यांत पाणी आलं, वरचा ओठ आपोआप नाकाकडे चढला.

आणि तो तसाच उभा राहिला.

असा चढलेला ओठ त्यानं पाहिला होता. स्पर्धेच्या सकाळी. त्या दिवशी साहेब स्वतः चंदीची बादली घेऊन आले होते. "आज मी भरवतो माझ्या पोरीला," म्हणाले होते. काजळीनं बादलीत तोंड घातलं, ओठ वर केला आणि मान फिरवली. साहेबांनी बादलीत आणखी काकवी ओतली, ढवळली आणि तिला पुन्हा दिली. लख्खमामाला तेव्हा केवढं भरून आलं होतं. इतका मोठा माणूस, जनावराला हातानं भरवतोय.

त्याच्याही आदल्या दिवशी त्यानंच साहेबांना सांगितलं होतं की काजळीचा पुढचा उजवा पाय गरम लागतोय, तिला उद्या पळवू नका. साहेब 'बघतो' म्हणाले होते. जाता जाता त्यांनी स्वतःच्या कंबरेवर हात ठेवला होता. "तू कसली गोळी घेतोस रे? माझीही धरलीय. दे की थोड्या." त्यानं खिशातली अख्खी पट्टी काढून दिली होती. आपली वस्तू साहेबांच्या उपयोगी पडली म्हणून घरी येऊन बायकोला सांगितलंही होतं.

त्याचीच गोळी होती. तेवढं मात्र खरंच होतं.

---

साहेब मैदानाच्या कठड्यावर हात टेकून उभे होते. समोर एक पोरगी तट्टू फिरवत होती. लख्खमामा शेजारी जाऊन उभा राहिला. इतक्या जवळ तो कधी उभा राहिला नव्हता.

"बादलीत तुम्हीच घातल्या."

साहेबांनी मान वळवली नाही. "हळू बोल."

"माझ्या गोळ्या. माझ्याकडून मागून नेलेल्या."

"अरे, तिला त्रास होऊ नये म्हणूनच ना? पाय दुखतोय म्हणून तूच सांगितलंस. तशीच उडवली असती तर बरं वाटलं असतं तुला?" ते खरोखर दुखावल्यासारखे दिसत होते. "मालकीणबाईंचे पाहुणे येणार होते. माघार घेता येत नव्हती. तिला काही कळलंसुद्धा नाही, बघ. मजेत उडत होती."

"तिला कळू नये म्हणूनच दिलंत. पायाचा स्नायू फाटला असता तरी ती उडत राहिली असती."

"फाटला का?" साहेब म्हणाले. "नाही ना? मग झालं."

त्यांनी पोरीला ओरडून टाच खाली घ्यायला सांगितलं. लख्खमामा बघत राहिला. साहेबांचा चेहरा नेहमीचाच होता, नीट दाढी केलेला, किंचित सुगंध येणारा. या माणसाचे बूट आपण इतकी वर्षं आरशासारखे चमकवत होतो, असं त्याच्या मनात आलं आणि अंगावर गोम चढावी तसा शहारा आला.

---

समितीची बैठक एका मोठ्या इमारतीत होती. गुळगुळीत फरशी, थंडगार हवा, टेबलावर काचेच्या सुरईत पाणी. लख्खमामानं त्याला हात लावला नाही. अध्यक्षबाई मधे बसल्या होत्या. चेहऱ्यानं मायाळू होत्या, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. वकिलानं सगळी हकीकत मांडली आणि मग त्या लख्खमामाकडे वळल्या.

"काका, बसा ना. उभं कशाला राहायचं? तुम्ही आमच्या माणसांना जे सांगितलंत ते बरोबर आहे का, एवढंच सांगायचं."

"नाही बाई."

साहेबांची खुर्ची करकरली.

"मी ठाणात कधी लघवी केलेली नाही. एकदाही नाही. ते मी खोटं बोललो. गोळ्या माझ्या होत्या. साहेबांनी माझ्याकडून मागून नेल्या आणि स्पर्धेच्या सकाळी चंदीत कालवल्या. घोडीचा पाय दुखत होता. मी पाहिलंय."

"गोळ्या चंदीत टाकताना पाहिलंत तुम्ही?"

तो थांबला. खोटं बोलायला आलाच नव्हता. "बादली देताना पाहिलं. टाकताना नाही. पण त्यांनी स्वतः मला सांगितलं, मैदानावर."

"तेव्हा तिथं आणखी कुणी होतं?"

"नाही."

मग साहेब उठले. आवाज मऊ होता. "मॅडम, यात त्याचा दोष नाही. तबेल्यातली पोरं त्याला फार चिडवतात. मीच त्यांना आवरायला हवं होतं. आमचा जुना माणूस आहे. स्वच्छतेचा तर इतका भोक्ता, की हे जे झालं ते त्याला स्वतःलाच सहन होत नाहीये."

अध्यक्षबाईंनी हळूहळू मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत कणव दाटून आली, आणि ती पाहूनच लख्खमामा समजला की आपण हरलो.

"काका," त्या पुढे झुकून म्हणाल्या, "लाजण्यासारखं काही नाही हो यात. वय झालं की होतं. माझ्या वडिलांनाही त्रास होता. तुम्ही मोकळेपणानं सांगितलंत तेच बरं केलंत. आता ते मागे घ्यायची काही गरज नाही."

"लाज नाही वाटत बाई मला." त्याचा आवाज चढला. "किळस येते. यांची येते. तुमच्या ह्या..." पुढचा शब्द सापडेना. त्यानं पाण्याच्या सुरईकडे, फरशीकडे, साहेबांच्या बुटांकडे हात केला. "सगळं इतकं स्वच्छ आहे इथं!"

"समजू शकते मी," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी शिपायाला खूण केली आणि शिपायानं त्याला दंडाला धरून, अगदी जपून, बाहेर नेलं. दारापाशी पोचल्यावर शिपाई हळूच म्हणाला, "बाथरूम डावीकडे आहे, मामा."

---

निकाल लागला. साहेबांना काही महिन्यांची बंदी आली, तीही स्पर्धा नसलेल्या मोसमात. निकाल सगळ्यांना वाचायला मिळाला. त्यात लिहिलं होतं की मोतद्दाराच्या सवयीमुळे औषध पेंढ्यातून घोडीच्या पोटात गेलं असावं, आणि त्यानं नंतर केलेला इन्कार स्वाभाविक संकोचातून आलेला दिसतो. तबेला चालू राहिला. मेहुण्याची गाडी चालू राहिली. त्यानं एकदा आपल्या हातानं मटणाचा डबा आणून दिला. बायकोनं तो घेतला, रिकामा करून घासला आणि भावाला परत दिला. आतलं कुणी खाल्लं नाही, मांजराला घातलं.

सासरहून मुलीचा फोन आला. तिच्या दिरानं मोबाइलवर निकाल वाचून दाखवला होता, सगळे जेवायला बसलेले असताना.

"बाबा, हे काय लिहिलंय?"

"खोटं आहे ते."

"माहितीय मला," ती म्हणाली. जरा जास्तच लगेच म्हणाली. मग दोघांनीही हवापाण्याच्या गोष्टी केल्या.

लख्खमामा त्याच आठवड्यात तबेल्यातून निघाला. त्याला कुणी काढलं नव्हतं. उलट साहेब म्हणाले, "राहा की, कशाला जातोस? माझ्या मनात काही नाही." त्यानं काजळीला शेवटचा खरारा केला. तिच्या पायाला पट्टी बांधलेली होती आणि पुढच्या स्पर्धेसाठी तिचं नाव पाठवलेलं होतं. तिनं त्याच्या खिशाशी तोंड नेलं. त्यानं रिकामा खिसा उलटा करून तिला दाखवला.

नवं काम मिळायला पावसाळा सरावा लागला. गावाबाहेरचा एक लहानसा तबेला होता. शिकाऊ मुलांना फिरवायची चारसहा म्हातारी, शांत घोडी. तिथल्या मुकादमाला त्याचं काम पहिल्याच दिवशी पसंत पडलं. "तुम्ही हात लावलात की ठाण हसायला लागतं बुवा," तो म्हणाला. लख्खमामा हे नाव तिथं कुणाला माहीत नव्हतं. त्यानंही सांगितलं नाही.

एके सकाळी मुकादम काखेत पत्र्याच्या पाट्यांचा गठ्ठा घेऊन आला आणि गठ्ठा त्यानं त्याच्या पुढ्यात टाकला. पांढऱ्या पत्र्यावर लाल ठळक अक्षरं होती. 'ठाणात लघवी करण्यास सक्त मनाई आहे.'

"समितीचा नवा हुकूम," मुकादम वैतागून म्हणाला. "प्रत्येक तबेल्यात, प्रत्येक ठाणावर लावायची म्हणे. कुठल्याशा मोतद्दारानं घाण करून ठेवली आणि ताप सगळ्यांना. असली माणसं कामाला ठेवतात तरी कशी, कोण जाणे! जरा ठोकून टाकाल का तेवढ्या?"

"ठोकतो," तो म्हणाला.

त्यानं हातोडी घेतली. खिळे ओठांत धरले. पहिल्याच ठाणातली म्हातारी घोडी दारावरून मान काढून त्याच्या कॉलरशी खेळू लागली. त्यानं तिला खांद्यानं हलकेच बाजूला सारलं, पाटी चौकटीवर धरली आणि एका बाजूनं ठोकली. मग चार पावलं मागे जाऊन बघितलं. डावीकडून बोटभर खाली आली होती.

तो पुन्हा पुढे गेला. खिळा उपसला, पाटी सरळ केली आणि नीट ठोकली. पत्र्यावर त्याच्या बोटांचे ठसे उमटले होते. ते त्यानं बाहीनं पुसून काढले, आणि गठ्ठ्यातली दुसरी पाटी उचलून पुढच्या ठाणाकडे गेला.